लाल टोक दक्षिणेकडे: सहावीच्या वर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. सहावीच्या वर्गात तीसेक मुलं. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असा तपशील मुद्दाम वगळला आहे, पण वर्गात जे घडलं ते तसंच ठेवलं आहे. मी त्या भागातल्या शाळांना विज्ञानाच्या प्रयोगांसाठी मदत करतो. या प्रकरणातले काही तास मी मागच्या बाकावर बसून पाहिले, बाकीचं विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या टाचण वहीतून आणि मुलांच्या वह्यांमधून घेतलं आहे.

दिवस नोव्हेंबरअखेरचे. चुंबकाचा पाठ सुरू झाला होता आणि पहिले दोन तास छान गेले होते. मुलांनी घरून वस्तू आणल्या, आधी अंदाज लिहिला, मग चुंबक लावून पाहिलं. बहुतेकांचा अंदाज एकच होता, धातू म्हटला की चुंबकाला चिकटणार. तांब्याचा गडू, पितळी घंटी आणि ॲल्युमिनियमचं झाकण यांनी तो मोडला. एक आणि दोन रुपयांची नाणी चिकटली, पाच रुपयांचं पिवळं नाणं चिकटलं नाही. खरा वाद पेटला तो जेवणाच्या डब्यांवरून. दोन्ही डबे स्टीलचे, दोन्ही चकचकीत, तरी एकाला चुंबक घट्ट बसलं आणि दुसऱ्यावरून घसरून पडलं. स्टेनलेस स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात. काहींत निकेल मिसळल्यामुळे लोखंडाच्या कणांची आतली मांडणी बदलते आणि ते स्टील चुंबकाला दाद देत नाही. गंमत म्हणजे निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं. बाईंनी हे थोडक्यात सांगितलं आणि त्या पुढे गेल्या. सहावीसाठी तेवढं पुरेसं होतं.

शाळेच्या विज्ञान पेटीत चार पट्टी चुंबकं आणि दोन लहान होकायंत्रं होती. पट्ट्यांचं एक टोक लाल, त्यावर उत्तर ध्रुवाची खूण, दुसरं टोक निळं. सगळं साहित्य बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असायचं.

अडचण

तिसरा तास ध्रुवांचा होता. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात, विजातीय ध्रुव जवळ ओढतात. बाईंनी फळ्यावर नियम लिहिला आणि गटांना चुंबकं दिली. दोन-तीन मिनिटांतच खिडकीजवळच्या गटातून आवाज आला, "बाई, लाल-लालच चिकटतंय की हे!"

बाईंनी जाऊन पाहिलं. दोन्ही पट्ट्यांची लाल टोकं एकमेकांना घट्ट धरून होती. लाल आणि निळं समोरासमोर आणलं की पट्टी हातातून निसटून गर्रकन फिरत होती. शेजारच्या गटाची तक्रार आणखी वेगळी होती. त्यांच्याकडच्या एका पट्टीची दोन्ही टोकं दुसऱ्या पट्टीच्या लाल टोकाला दूर ढकलत होती. म्हणजे दोन्ही बाजूंना एकच ध्रुव! फळ्यावरच्या नियमात याला जागाच नव्हती.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. तास संपायला पंधरा मिनिटं होती. "हे चुंबक बिघडलंय, दुसरं घ्या" असं म्हणून वेळ निभावणं सहज शक्य होतं. कुठल्याही शिक्षकाच्या तोंडी हेच वाक्य पहिलं येतं. बाईंनी ते टाळलं. फळ्यावर नियमाच्या शेजारी त्यांनी दुसरा रकाना आखला आणि मुलं सांगत होती ते जसंच्या तसं लिहिलं. नियम पुसला नाही, निरीक्षणही पुसलं नाही. या साध्या कृतीला मी फार किंमत देतो. पुढचं सगळं तिच्यामुळेच घडू शकलं.

मग निवाड्यासाठी होकायंत्रं बाहेर काढली तर तीही एकमेकांशी भांडत होती. एकाच टेबलावर, हातभर अंतरावर ठेवली तेव्हा एकाची सुई गावातल्या देवळाकडे आणि दुसरीची बरोबर उलट, नदीकडे. एका मुलाने सुचवलं, "बाई, मोबाइल काढा, त्यात खरं कळंल." बाईंच्या मोबाइलला पाकिटासारखं झाकणाचं कव्हर होतं आणि ते मिटायला चुंबकाची टिकली. मोबाइलने तिसरीच दिशा दाखवली. तासाची घंटा झाली.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. मुख्याध्यापकांचं म्हणणं सरळ होतं, शाळा अनुदानातून नवा संच आणू, किंमत काही फार नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. सहामाहीनंतरचे दिवस भराभर जातात, पुढचे पाठ वाट पाहत असतात आणि नीट साहित्य मिळणं हा मुलांचा हक्कच आहे. पण नवा संच यायला दिवस लागले असते. आणि मुलांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला होता, तो नव्या चुंबकांनी सुटला नसता, फक्त झाकला गेला असता.

दुसरा पर्याय होता रंग बदलण्याचा. उलट्या पट्टीला योग्य बाजूला लाल रंग द्यायचा. काम पाच मिनिटांचं. पण कुठली पट्टी उलटी, हे आधी ठरवणार कसं? लाल-लाल चिकटलं याचा अर्थ दोघींपैकी एक खोटी आहे, एवढाच. कोण खोटी, ते त्या दोघींनाच विचारून कळत नाही. शिवाय दोन्ही टोकांना एकच ध्रुव दाखवणाऱ्या पट्टीला काय रंग देणार?

तिसरा पर्याय, चुंबकं पुन्हा चुंबकित करून घेणं. गावात गणपतीच्या मंडळांचे साऊंड दुरुस्त करणाऱ्या एकाचं दुकान आहे. बंद पडलेल्या स्पीकरचं कडं, म्हणजे आतलं गोल चुंबक, त्याने शाळेला मागेच दिलं होतं. ताकदीचं चुंबक हाताशी होतं.

चौथा पर्याय बाईंनी स्वतः मांडला. पेटीतल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास न ठेवता मुलांनाच सुरुवातीपासून शोधू द्यायचं. यात वेळ जाणार हे उघड होतं. एक पालक तोवर फोन करून गेले होते: "परीक्षेत लाल म्हणजे उत्तर ध्रुव लिहायचं का नाही, तेवढं पोरांना सांगा. घोळ नको." मुख्याध्यापकांनी शेवटी आठवडाभराची मुभा दिली, एका अटीवर: नव्या संचाची मागणीही सोबतच जाईल. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते.

प्रत्यक्ष काय केलं

वर्ग मैदानात हलवला. वर्गाला पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना लोखंडी गज, बाकांचे सांगाडे लोखंडी. अशा खोलीत होकायंत्राची सुई पृथ्वीचं ऐकते की बाकाचं, हे सांगता येत नाही. हीच अडचण मोठ्या प्रमाणावर मुंबईत आली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे दिसू लागलं आणि १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला गेली. तिथल्या इमारती लोखंड टाळून बांधल्या आहेत. बाईंनी ही गोष्ट मुलांना चालता चालता सांगितली आणि मुलांनी लगेच कंपासपेट्या, पट्ट्याचे बक्कल, चाव्यांचे जुडगे काढून दूर पायरीवर नेऊन ठेवले.

आता प्रश्न होता उत्तर दिशेचा. चुंबकाला न विचारता उत्तर ठरवायची, हा दुसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. "सूर्य उगवतो ती पूर्व" हे मुलांना पाठ होतं, पण नोव्हेंबरअखेरीस सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो. म्हणून सावलीचा जुना मार्ग धरला. सपाट जागी एक काठी ओळंब्याने उभी केली. काठीभोवती सुतळीने वर्तुळ आखलं. सकाळी अकराच्या आत सावलीचं टोक जिथे वर्तुळाला टेकलं तिथे खूण केली. दुपारी दोनच्या आत सावली पुन्हा लांबत जाऊन वर्तुळाला दुसऱ्या बाजूने टेकली, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. उत्तर कुठली याची खात्री मधल्या सुट्टीत झाली. त्या दिवसांत सांगलीत सूर्य सगळ्यात उंच येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी. त्या वेळची सगळ्यात आखूड सावली हिवाळ्यात उत्तरेकडेच पडते. मुलांनी ती रेघ चुन्याने पक्की केली. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इतका थोडा आहे की या कामाला त्याची बाधा नव्हती.

मग चुंबकं टांगायला घेतली. दोऱ्याला पीळ असायचा, त्यात वारा, त्यामुळे पट्टी ठरेचना. एका मुलीने पाण्यावर तरंगवायची कल्पना काढली. पाण्यासाठी पोरांनी आधी बांधकामाचं घमेलं उचललं, आणि ते लोखंडी आहे हे त्यांच्यातल्याच एकाने ओरडून सांगितलं. प्लॅस्टिकचा टब आला. थर्माकोलच्या ताटलीवर पट्टी ठेवली की ती सावकाश वळायची, रेघेच्या पुढे जायची, मागे यायची आणि स्थिरावायची. हाताने दुसरीकडे वळवून सोडली तरी पुन्हा तिथेच.

दोन पट्ट्यांचं लाल टोक चुन्याच्या रेघेवर उत्तरेला थांबलं. तिसरीचं लाल टोक दक्षिणेला. तीन वेळा फिरवून पाहिलं, तीन वेळा दक्षिणेला. होकायंत्रांपैकी नदीकडे बोट दाखवणारं खोटं ठरलं, कारण नदी शाळेच्या दक्षिणेला आहे. चौथी पट्टी मात्र कुठेच ठाम थांबेना. ढकलावी तिथे रेंगाळायची.

चौथ्या पट्टीचं कोडं लोखंडाच्या बुऱ्याने सोडवलं. लेथच्या दुकानातून आणलेला बुरा कागदावर पसरला, पट्टी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावर फिरवली. पिशवीमुळे बुरा नंतर झटकन सुटतो, नाहीतर चुंबकावरून तो खरवडत बसावा लागतो. चांगल्या पट्टीला दोन्ही टोकांवर बुऱ्याचे झुबके लागतात, मधला भाग जवळपास मोकळा राहतो. या पट्टीला टोकांवर झुबके होतेच, पण मधोमधही एक जाड झुबका काट्यांसारखा उभा राहिला होता. मुलं टबाभोवतून उठून तिथे गोळा झाली. होकायंत्र त्या मधल्या झुबक्याजवळ नेलं तेव्हा सुईचं दुसरं टोक वळून आलं. दोन्ही टोकांना एक ध्रुव आणि पोटात त्याच्या उलटा. एकच ध्रुव असलेलं चुंबक आजवर कुणाला सापडलेलं नाही. इथेही दुसरा ध्रुव हरवला नव्हता, मध्ये सरकला होता.

हे कसं होतं ते समजावताना बाईंनी मुलांनाच चुंबक केलं. प्रार्थनेच्या रांगेत सगळी एका दिशेला तोंड करून उभी राहिली की झालं चुंबक, कारण आतले बारीक बारीक भाग असेच एका दिशेला वळलेले असतात. मग अर्ध्या रांगेला मागे वळायला सांगितलं. मधली दोन मुलं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि रांगेच्या दोन्ही टोकांना आता बाहेर पाहणारे चेहरे होते. चौथी पट्टी त्यांना तिथे कळली. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की ही रांग पूर्ण विस्कटते आणि चुंबकत्व जातं, हेही त्यातच आलं.

आता कारणाचा शोध. बिस्किटांच्या डब्यात पट्ट्यांसोबत आणखी काय होतं? स्पीकरचं कडं. संशय त्याच्यावर गेला, पण नुसत्या संशयावर मुलांना थांबू दिलं नाही. शिवणकामाची सुई एका चांगल्या पट्टीवर एकाच दिशेने घासून चुंबकित केली आणि झाडाच्या पानावर ठेवून पाण्यावर सोडली. नाकं उत्तरेला आलं. मग तीच सुई स्पीकरच्या कड्याच्या एका सपाट बाजूवर घासून पुन्हा सोडली, नाकं उत्तरेलाच. कडं उलटवलं, दुसऱ्या बाजूवर तशीच घासली, आणि नाकं दक्षिणेला वळलं. ताकदीचं चुंबक दुबळ्या चुंबकाचे ध्रुव उलटवू शकतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पट्ट्यांचं तसंच झालं असणार याची शक्यता सर्वांत जास्त, होकायंत्राच्या हलक्या सुईचं तर नक्कीच.

चौथी पट्टी मुलांनी दुरुस्त केली. कड्याची एक बाजू पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घासत न्यायची, उचलायची, हवेतून परत आणायची आणि पुन्हा तिथूनच सुरुवात. मागे-पुढे घासायचं नाही. उत्तर ध्रुवाच्या बाजूने घासलं तर शेवटी सुटणाऱ्या टोकाला दक्षिण ध्रुव येतो. बऱ्याच फेऱ्यांनंतर मधला झुबका गेला. पट्टी पहिल्यासारखी जोरकस झाली नाही, पण पाण्यावर रेघ धरू लागली. तिसरी, उलटी पट्टी मात्र मुद्दाम तशीच ठेवली. चारही पट्ट्यांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, रंग झाकले, आणि पाण्यावर पाहून मुलांनी "उ" आणि "द" लिहिलं.

यात एक लहान पण गंभीर निर्णय होता. एका मुलाने घरून खेळण्यातली मण्यांएवढी, फार जोरकस निओडिमियमची चुंबकं आणली होती. काम त्यांनी लवकर झालं असतं. बाईंनी ती कागदात बांधून पालकांकडेच परत दिली. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्यांच्या भिंती चिमटीत धरतात आणि मूल जिवावरच्या संकटात पडतं. पहिली-दुसरीची पोरं त्याच मैदानात खेळतात. या निर्णयावर चर्चेची गरज नव्हती आणि ती झालीही नाही.

निष्पत्ती

पालकांच्या प्रश्नाला बाईंनी वहीत लेखी उत्तर पाठवलं: रंग ही खूण आहे, परीक्षेतल्या चित्रात जी खूण छापली असेल ती धरून चालावं, हातातल्या चुंबकाचा रंग आणि वागणं जुळलं नाही तर वागणं खरं. नंतरच्या घटक चाचणीत "हे चुंबक आहे की नुसतं लोखंड, कसं ओळखाल?" असा प्रश्न होता. बऱ्याच मुलांनी लिहिलं की ओढतं म्हणून चुंबक होत नाही, लोखंडही चुंबकाकडे ओढलं जातं. दूर ढकललं तरच चुंबक. ही कसोटी पाठ करून येणं वेगळं. या मुलांच्या हाताला ते ढकलणं जाणवलेलं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काहींनी लाल टोक नेहमी दक्षिणच असतं असं लिहिलं. उलट्या पट्टीचा ठसा त्यांच्यावर एवढा खोल बसला होता. त्यांच्यासाठी बाईंना चारही पट्ट्या पुन्हा पाण्यात सोडाव्या लागल्या.

एका मुलीने विचारलेला प्रश्न वर्गात सगळ्यात जास्त वेळ राहिला. "विजातीय ओढतात ना? मग चुंबकाच्या उत्तर ध्रुवाला ओढणारं उत्तरेला काय आहे?" पृथ्वी स्वतःच मोठं चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये मांडलं. त्या चुंबकाचा दक्षिण ध्रुवाच्या स्वभावाचा भाग भौगोलिक उत्तरेच्या बाजूला आहे. बाईंनी उत्तर लगेच दिलं नाही, टबात पट्टी सोडून दुसरी पट्टी जवळ नेऊन तिलाच ते काढू दिलं. मला यापुढे एक पाऊल टाकावंसं वाटलं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्यातून थिजला, तेव्हा त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी त्या काळचं पृथ्वीचं चुंबकत्व धरून ठेवलं. त्या थरांपैकी फार मोठ्या भागात ते आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचेच ध्रुव उलटे होते. त्या काळात होकायंत्र असतं तर सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं. हे ऐकून मुलं नदीकाठी गेली आणि वाळूतून चुंबकाने मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे चकाकणारे कण वेचून बाटलीत भरून आली.

वडील साखर कारखान्यात असलेल्या मुलाने ऊस चिरडणाऱ्या यंत्राआधी वर टांगलेल्या मोठ्या चुंबकाची माहिती आणली. मोळीतून येणारे कोयत्याचे तुकडे, खिळे ते ओढून घेतं.

वेगळं काय करता आलं असतं

चौथा पर्याय निवडला ते बरोबरच होतं असं माझं मत आहे. पण त्याची किंमत विद्युतचुंबकाने मोजली. खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून सेल जोडण्याचा प्रयोग एका तासात, तोही बाईंनीच समोर करून उरकला गेला. सावलीचं वर्तुळ पाठ सुरू होण्याच्या आधीच भूगोलाच्या तासाला आखून ठेवलं असतं, तर तो वेळ वाचला असता आणि उत्तरेची रेघ वर्षभर कामाला आली असती.

पहिल्या तासाला साहित्य मुलांच्या हाती देण्याआधी चुंबकं तपासावीत का, यावर आमच्यात मतभेद आहेत. तपासावीत, असं मी म्हणेन, मात्र बिघडलेलं चुंबक सापडलं तर ते बाजूला न काढता कुठल्या गटाला द्यायचं हे ठरवून द्यावं. तीन ध्रुवांची पट्टी अगदी पहिल्या दिवशी हाती आली तर मूल गोंधळून गप्प बसण्याची शक्यता जास्त. साध्या उलट्या पट्टीने सुरुवात केलेली बरी.

पेटीची मांडणी आता बदलली आहे. पट्ट्या जोडीने ठेवल्या जातात, एकीचं उत्तर टोक दुसरीच्या दक्षिण टोकाशेजारी, मध्ये लाकडी पट्टी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. होकायंत्रं वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, वरच्या कप्प्यात. स्पीकरचं कडं कापडात बांधून दुसऱ्या कपाटात. नवा संच आल्यावर जुनी उलटी पट्टी टाकायची नाही असं वर्गाने ठरवलं, आणि तिच्या चिकटपट्टीवर पुढच्या सहावीसाठी एवढंच लिहिलं आहे: "आधी पाण्यावर सोडा."